चित्राचा विषय आणि शेजाऱ्याचा हक्क

चित्रकाराला चित्राचा विषय कुठून मिळतो, हा प्रश्न वरवर पाहता चित्रकारांनी आपापसात सोडवायचा आहे. रंग पाण्यात कालवायचा की तेलात, कागद घ्यायचा की कॅनव्हास, अशा प्रश्नांच्याच रांगेतला तो वाटतो. पण थोडा विचार केला की हा प्रश्न आपल्या सर्वांच्या दारात येऊन उभा राहतो. कारण विषय कुठून मिळतो या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे. कोणत्या विषयाला हात घालण्याचा अधिकार कोणाला? मुसलमान चित्रकाराने मठाचे, घाटाचे, देवळाच्या पायऱ्यांचे चित्र काढावे काय? हिंदू चित्रकाराने दर्ग्याचे, ताबुतांचे, पंजांचे काढावे काय? आपल्या गल्लीतले सोडून दुसऱ्याच्या गल्लीतले पाहायला चित्रकार गेला, तर तो तिथे पाहुणा ठरतो, घुसखोर ठरतो की घरचा ठरतो? या प्रश्नांची उत्तरे गेली काही वर्षे कोर्टात, रस्त्यावर आणि मोबाइलच्या पडद्यावर शोधली जात आहेत. ती शांतपणे बसून विचारानेही शोधली पाहिजेत, एवढ्यासाठी हे लेखन.

आम्ही कसबा बावड्यातले. कोल्हापूरच्या उत्तरेला, पंचगंगेच्या अंगाने वसलेले हे गाव आता शहरात मिसळून गेले आहे. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी इथल्याच लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला. नवा राजवाडा आमच्याच रस्त्यावर. पुढे राजाराम साखर कारखाना, ऊस, गुऱ्हाळे आणि नदीवरचा राजाराम बंधारा. पावसाळ्यात सारे कोल्हापूर या बंधाऱ्यावरची पाण्याची पातळी विचारत असते. आणि याच कोल्हापूरला लोक 'कलापूर' म्हणतात. दुसऱ्या गावात पोरे रविवारी सकाळी क्रिकेट खेळायला जातात, तशी इथली काही पोरे बोर्ड आणि रंगपेटी घेऊन घाटावर जातात. गेली शंभर वर्षे तोच घाट, तीच दगडी मंदिरे, तेच पाणी रंगवले जात आहे. बाहेरचा माणूस विचारतो, 'तुमच्या चित्रकारांना दुसरा विषय सुचत नाही का हो?' या प्रश्नाचे उत्तर देताना आपण चित्रकलेबद्दल जे बोलतो, त्यापेक्षा माणसाबद्दल अधिक बोलत असतो, असे आम्हाला वाटते.

विषय कुठून येतो याची तीन उत्तरे सर्वसाधारणपणे दिली जातात. पहिले उत्तर असे की तो वरून येतो. प्रेरणा होते, साक्षात्कार होतो, हात आपोआप चालू लागतो. दुसरे उत्तर असे की तो आतून येतो. चित्रकाराचे मन, त्याची स्वप्ने, त्याचे दुःख हीच खाण. बाहेरचे जग निमित्तमात्र. तिसरे उत्तर अलीकडे फार जोरात दिले जाते. विषय समाजाकडून येतो. चित्रकार ज्या जातीत, धर्मात, भाषेत जन्मला, तिचे चित्र त्याने काढावे, तिच्या खुणा मांडाव्यात, तिची बाजू सांगावी.

या तिन्ही उत्तरांत काही ना काही खरे आहे. परंतु तिन्हींत एक उणीव राहते. पहिल्यात चित्रकाराला काही करावे लागत नाही. दुसऱ्यात त्याला कोणाकडे पाहावे लागत नाही. आणि तिसऱ्यात कोणाकडे पाहायचे ते आधीच ठरलेले असते. मुसलमान चित्रकाराच्या वाट्याला तर हे तिसरे उत्तर दोन्ही बाजूंनी येते. आपले लोक म्हणतात, 'आपल्यांचे काढ.' दुसरे लोक म्हणतात, 'आमच्यांचे काढू नकोस.' दोघांचे बोलणे वेगळे, पण कुंपण एकच. या कुंपणाच्या आत उभे राहून विषय शोधायचा म्हटले, तर चार कमानी, एक चंद्रकोर आणि एक बुरखा यांच्यापलीकडे फार काही हाती लागत नाही.

कोल्हापूरच्या भूमीत या तिन्हींहून वेगळे असे एक उत्तर आहे, आणि ते शब्दांत न देता चित्रांत दिलेले आहे. ते देणारा माणूस आबालाल रहिमान. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती असे सांगितले जाते. म्हणजे कागद, शाई, वेलबुट्टी, सोनेरी किनार हे सारे त्यांनी लहानपणी घरातच पाहिलेले. पुढे ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १८८८ साली व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळवले. त्या काळी हे पदक खिशात असलेल्या चित्रकाराला मुंबईत राहून साहेबांची आणि सरदारांची व्यक्तिचित्रे काढत सुखाने जगता आले असते. आबालाल कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. पण त्यांचे खरे आयुष्य दरबारात गेले नाही. ते कोटितीर्थाच्या काठी राहिले, आणि ते तळे, त्याच्या काठची झाडे, रंकाळा, पंचगंगा रंगवत राहिले. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. त्या दुःखात आबालाल यांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, अशी आख्यायिका कोल्हापुरात आजही सांगतात. २८ डिसेंबर १९३१ रोजी ते गेले. उरलेल्या चित्रांपैकी काही टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतात.

रंकाळ्यातल्या संध्यामठाचे त्यांचे चित्र कोल्हापूरकरांना परिचित आहे. हा दगडी मठ तलावाच्या पाण्यात उभा आहे. पाणी चढले की तो बुडतो, उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येतो. नावाप्रमाणे संध्येसाठी बांधलेली ही वास्तू. कुराण लिहिणाऱ्या घराण्यातला माणूस तिच्यासमोर बसला आणि तिचे ऊन, तिची सावली, पाण्यातले तिचे हलते रूप टिपत राहिला. त्याला तिथे बसताना 'हे आपले की परक्याचे' असा प्रश्न पडला असेल, याची कुठलीही खूण त्या रंगांत दिसत नाही. चित्रात ना कुतूहलाने डोकावणारा परका दिसतो, ना मुद्दाम सलोखा दाखवायला निघालेला कार्यकर्ता. रोज त्याच वाटेने जाणाऱ्या माणसाला जे दिसते, ते तिथे आहे. एकतेचे भाषण करण्यासाठी आबालाल यांचे नाव घेणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ती चित्रे एकतेसाठी काढलेली नाहीत. ते तिथे राहत होते म्हणून काढली. या साध्या कारणात एकतेच्या भाषणापेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि ती समजून घेणे हाच आमचा हेतू आहे.

राहणे आणि पाहणे यांचा संबंध आम्हा बावडेकरांना गुऱ्हाळावर चांगला कळतो. काहिलीत रस उकळतो, चुलवाणात चिपाडे जळत असतात, मळी वर येते आणि झाऱ्याने ती काढली जाते. रसाचा पाक होतो. आता काहील कधी उतरवायची, हे गुळव्या ठरवतो. थोडे आधी उतरवले तर गूळ बसत नाही, थोडे उशिरा उतरवले तर रंग जातो. गुळव्या बुडबुड्यांकडे पाहतो, पाकाची तार पाहतो, वाफेचा वास घेतो आणि म्हणतो, 'चला.' तो क्षण त्याला सुचत नाही. तो त्या क्षणाची कल्पना करत नाही. वर्षानुवर्षे काहिलीशेजारी उभे राहिल्यामुळे तो क्षण त्याला दिसतो. आपण शेजारी उभे राहिलो तर आपल्याला नुसता उकळणारा रस दिसेल. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ही वस्तू या जागेची आहे असे कायद्याने मान्य झाले. पण त्या मानांकनामागे खरी पुंजी आहे ती अशा डोळ्यांची.

चित्रकाराचा विषय हा असाच असतो, असे आमचे म्हणणे आहे. तो आकाशातून पडत नाही आणि नुसत्या मनातूनही निघत नाही. एखाद्या वस्तूच्या, जागेच्या, माणसाच्या शेजारी दीर्घकाळ राहिले की ती वस्तू आपल्यावर हक्क सांगू लागते. 'माझ्याकडे नीट पाहा' असे म्हणू लागते. तो हक्क मान्य करणे म्हणजे विषय मिळणे. कोटितीर्थाने आबालाल यांच्यावर असा हक्क सांगितला. आपण उलटे समजतो. आपल्याला वाटते की चित्रकाराचा विषयावर हक्क असतो. वास्तविक विषयाचा चित्रकारावर हक्क असतो.

हक्क हा शब्द आम्ही इथे विचारपूर्वक वापरत आहोत. आपल्या दीनमध्ये शेजाऱ्याच्या हक्काला केवढे स्थान आहे, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. जिब्रील यांनी शेजाऱ्याबद्दल इतक्यांदा ताकीद दिली की शेजाऱ्याला वारसाही ठरवले जाते की काय असे पैगंबरांना वाटले, या आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. तिचा आपण सहसा एवढाच अर्थ घेतो की शेजाऱ्याला उपाशी ठेवू नये, त्रास देऊ नये, आपल्या घरी कालवण केले तर वाटीभर त्याच्याकडे पाठवावे. हे तर आहेच. पण शेजाऱ्याचा आणखी एक हक्क आहे, आणि तो म्हणजे त्याच्याकडे नीट पाहिले जाण्याचा. आपण त्याच्याविषयी जे चित्र मनात बाळगतो, ते खरे असावे एवढी अपेक्षा ठेवण्याचा त्याला अधिकार आहे. वाटीभर कालवण पाठवूनही आपण त्याचे खोटे चित्र मनात ठेवू शकतो. आणि खोट्या चित्राने होणारे नुकसान उपासमारीपेक्षा कमी नसते.

इथे कोणी म्हणेल, चित्रकलेचा विषय काढताना तुम्ही दीनचा हवाला देता, पण दीनमध्ये तर सजीवांच्या प्रतिमेलाच हरकत आहे. ही हरकत टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सजीवांची चित्रे काढणाऱ्यांना इशारा देणाऱ्या हदिसा आहेत. त्यांचा अर्थ किती व्यापक घ्यावा, यावर उलेमांत मतभेद आहेत. आणि इतिहासात मुसलमान राजांच्या व रसिकांच्या आश्रयाने इराणपासून विजापूरपर्यंत चित्रकला बहरली, हेही सत्य आहे. त्या हरकतीच्या मुळाशी असलेली भीती आम्ही समजू शकतो. माणसाने निर्मात्याशी बरोबरी करू नये, आपण घडवले असा गर्व धरू नये, ही ती भीती. पण या भीतीचे उत्तर कुंचला मोडण्यात आहे काय? अबुल फजलने आईन-ए-अकबरीत अकबराचे एक मत नोंदवले आहे. त्याचा आशय असा की चित्रकाराला ईश्वर ओळखण्याची एक खास वाट लाभते. तो सजीवाचा एकेक अवयव रेखाटत जातो आणि शेवटी त्याला कळते की आपण यात प्राण घालू शकत नाही. म्हणजे ज्या कामात गर्वाची भीती, त्याच कामात नम्रतेचा धडा.

हे मत आमच्या मुद्द्याच्या अगदी जवळचे आहे. 'हे मी निर्माण केले' असे म्हणणारा चित्रकार गर्वाच्या वाटेवर असेल. 'हे माझ्यापुढे होते, मी जमेल तेवढे पाहिले' असे म्हणणाऱ्याच्या बाबतीत ती हरकत बरीच सौम्य होते. विषय ही मिळकत न मानता अमानत मानली, तर चित्र काढणे हे बरोबरी करणे न राहता साक्ष देणे होते. आणि खरी साक्ष देणे हे तर कर्तव्यच आहे.

हा प्रश्न एकट्या कोल्हापूरचा नाही. मलेशियातल्या मलय चित्रकारांपुढे तो फार स्पष्टपणे उभा राहिला. १९७१ साली तिथे राष्ट्रीय संस्कृतीविषयी परिषद भरली. देशाची संस्कृती या भूमीच्या मूळ परंपरेवर उभी असावी आणि इस्लाम हा तिचा महत्त्वाचा घटक असावा, असे धोरण तीतून पुढे आले. त्यानंतरच्या वर्षांत पुष्कळ मलय चित्रकार मानवी आकृती सोडून भौमितिक नक्षी, कापडावरचे पारंपरिक आकार, अक्षरे यांच्याकडे वळले. त्यांतल्या काहींनी सुंदर काम केले. पण विषय आधी ठरवून दिला की काय धोका असतो, तोही तिथे दिसला. नक्षी ही शोधाची वस्तू न राहता ओळखपत्र होऊ शकते.

याच देशातले लतिफ मोहिदिन हे चित्रकार आणि कवी. १९६०च्या दशकात ते बर्लिनला शिकायला गेले. तिथे युरोपातल्या नव्या चित्रकलेने ते भारावले असते तर नवल नव्हते. पण त्यांच्या मनात दूर राहिलेल्या आग्नेय आशियाचे आकार उगवू लागले. पॅगोड्यांचे कळस, बांबूचे कोंब, टोकदार पाने हे एकमेकांत मिसळून त्यांची 'पागो-पागो' ही चित्रमालिका त्या दशकात तयार झाली. पुढे २०१८ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात ती मांडली गेली. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की पॅगोडा हे बौद्धांचे प्रार्थनास्थळ, आणि चित्रकार मलय मुसलमान. कोणी धोरण ठरवण्याच्या आधीच त्यांनी आपला विषय घेतला होता, आणि तो घेताना आपल्या प्रदेशात शेजारी कोण राहतो एवढेच पाहिले होते. कोंब आणि कळस हे दोन्ही त्याच मातीतून वर आलेले. आबालाल यांचा मठ आणि लतिफ यांचा पॅगोडा यांच्यात आम्हाला सख्खे नाते दिसते.

आपल्याकडचे सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण घ्या. लहानपणी मध्य प्रांतातल्या खेड्यात शाळेत मन लागेना, म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले. हा प्रसंग रझा आयुष्यभर सांगत. पॅरिसमध्ये तीसेक वर्षे काढल्यानंतर त्यांच्या चित्रांत तोच बिंदू केंद्रस्थानी आला. बिंदू ही हिंदू तत्त्वज्ञानातली संकल्पना, मुसलमानाने ती कशी घेतली, असे विचारणाऱ्याला काय सांगायचे? तो ठिपका त्यांच्या शाळेच्या भिंतीवर होता. इतकेच.

आता या विचारावर येणारी सर्वांत कठीण हरकत. तुम्ही म्हणता शेजारी आपल्यावर हक्क सांगतो. पण शेजाऱ्यानेच म्हटले की माझ्याकडे पाहू नकोस, माझे चित्र काढू नकोस, तर? हा प्रश्न आपल्या डोळ्यांसमोर घडला आहे. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपूरला जन्मले. आई तान्हेपणीच गेली. तिचा चेहरा आठवत नाही, हे दुःख त्यांच्या चेहराविहीन स्त्रियांत लोकांना दिसले. आजोबांशी जोडलेले कंदील आणि छत्री त्यांच्या चित्रांत जन्मभर येत राहिली. मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवणारा हा माणूस रामायण-महाभारतही तितक्याच आपलेपणाने रंगवत गेला. १९९६ साली त्यांच्या एका जुन्या रेखाटनावरून वाद पेटला, आणि पुढे खटल्यांवर खटले झाले. २००६ साली त्यांनी देश सोडला. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धची प्रकरणे रद्द केली, तरी ते परतू शकले नाहीत. २०१० साली कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनला त्यांचे निधन झाले. हे झाले एका बाजूचे. दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. २००४ साली त्यांच्या 'मीनाक्षी' या चित्रपटातल्या एका गाण्यावर मुस्लीम संघटनांनी आक्षेप घेतला आणि तो चित्रपट थिएटरांतून काढून घ्यावा लागला. म्हणजे दोन्ही दारे एकाच माणसाच्या तोंडावर बंद झाली.

शेजाऱ्याचे मन दुखावले जाऊ शकते, आणि ते दुखावले तर चित्रकाराने ऐकून घेतले पाहिजे, हे आम्ही मान्य करतो. शेजारधर्म एकतर्फी नसतो. ज्याच्या अंगणात आपण बसलो, त्याला 'हे असे का काढलेस' असे विचारण्याचा अधिकार आहे. पण विचारणे आणि हाकलणे यांत फरक आहे. विचारणारा शेजारी चित्र पाहून विचारतो. हाकलणारा बहुधा चित्र पाहिलेलेच नसते. त्याला चित्रकाराचे नाव पुरते. 'काय काढले' हा प्रश्न मागे पडून 'कोणी काढले' एवढाच उरतो, तेव्हा शेजारधर्माचा आधार घेता येत नाही. मग ते बोलणारे लोक कोणत्याही धर्माचे असोत. आमच्या मते कसोटी एकच. या चित्रकाराने खरोखर पाहिले आहे काय? तो या वस्तूच्या शेजारी राहिला आहे काय? राहिला असेल, तर त्याची चूकही आपल्या घरातली चूक आहे, आणि घरातल्या चुकीवर बोलणे होते, वाद होतो, हद्दपारी होत नाही.

या कसोटीची गरज आज पूर्वीपेक्षा जास्त आहे. जून २०२३ मध्ये आमच्या कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून तणाव झाला. ७ जूनला शहर बंद राहिले, दगडफेक झाली. एकेका बोटाच्या टिचकीवर पुढे गेलेल्या त्या प्रतिमा होत्या. त्या पाठवणाऱ्यांपैकी कोणी त्या काढलेल्या नव्हत्या, आणि पाहून भडकलेल्यांपैकी किती जणांनी त्या नीट पाहिल्या असतील, देव जाणे. ज्या शहरात एका माणसाने तळ्याकाठी उभे आयुष्य घालवून थोडीशी चित्रे मागे ठेवली, त्याच शहरात काही सेकंदांत तयार झालेल्या चित्राने शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या दुकानाची काच फोडावी, यात आम्हाला आजच्या काळाचे सगळे दुखणे दिसते. चित्रे वाढली आहेत आणि पाहणे कमी झाले आहे.

आता तर संगणकाला चार शब्द सांगितले की हवे ते चित्र मिनिटभरात तयार होते. 'संध्याकाळी तळ्याकाठचा मठ' असे म्हटले की मठही येतो आणि संध्याकाळही येते. या यंत्राला नाके मुरडण्याचे कारण नाही. छपाई आली तेव्हा हस्तलिखिते करणाऱ्यांचे काम गेले, छायाचित्र आले तेव्हा व्यक्तिचित्रे काढणाऱ्यांचे कमी झाले, तरी कला थांबली नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या चित्रातल्या मठाचे पाणी कधी चढलेले नसते आणि उतरलेलेही नसते. ते चित्र कोणाचे देणे लागत नाही. त्यात चूक निघाली तर कोणापुढे जाऊन उभे राहायचे, हे सांगता येत नाही. विषय 'मिळवणे' इतके सोपे झाल्यावर एक गोष्ट मात्र आपोआप स्पष्ट झाली. विषय मिळवणे हे चित्रकाराचे काम कधी नव्हतेच. त्याचे काम जबाबदार राहण्याचे होते.

ही जबाबदारी कशाविषयी, ते सांगायला आम्हाला लांब जावे लागत नाही. बावड्यातली ऊसशेती वर्षागणिक आक्रसत आहे, तिथे इमारती उभ्या राहत आहेत. गुऱ्हाळे मोजकी उरली. पंचगंगेच्या प्रदूषणावर आंदोलने झाली, कोर्टात प्रकरणे गेली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. त्या दिवसांत मशिदीत, मठांत, शाळांत, मंगल कार्यालयांत लोक एकत्र राहिले. पूर ओसरल्यावर भिंतींवर पाण्याची तपकिरी रेघ राहिली. ती रेघ कोणत्याही धर्माची भिंत पाहून वर-खाली झाली नाही. या रेघेचे चित्र कोणी काढायचे? आमचे उत्तर असे की ज्याच्या भिंतीवर ती उमटली त्याने, आणि ज्याने शेजारच्या भिंतीवर ती पाहिली त्यानेही. शेजारी जे बदलत आहे, हरवत आहे, त्याची साक्ष मागे राहिली नाही, तर पुढच्या पिढीला कोटितीर्थ कसे होते हे विचारायला कोणाकडे जावे लागेल? आबालाल यांच्याकडेच जावे लागते. पंचगंगेबद्दल उद्या हाच प्रश्न येईल.

म्हणून आमच्या समाजातल्या आईबापांना आणि शिक्षकांना आमची एक विनंती आहे. आपल्या मुलामुलींपैकी कोणी रंगपेटी मागितली तर 'हे आपल्यात चालत नाही' असे म्हणून तिला गप्प करू नका. आणि ती दिल्यावर 'आपले काहीतरी काढ' असेही सांगू नका. तिला घाटावर, गुऱ्हाळावर, बाजारात, मोहल्ल्यात, शेजारच्या आत्याबाईंच्या ओसरीवर बसू द्या. एका जागी पुष्कळ वेळ बसू द्या. महिनाभर तिने एकच कोनाडा काढला तरी कंटाळून विचारू नका की दुसरा विषय नाही का. शेजारच्या काकांनी चित्र पाहून 'आमची तुळस वाकडी काढलीस की गं' असे म्हटले, तर तिला रागावू नका आणि काकांशी भांडूही नका. तिला परत जाऊन तुळस पाहायला सांगा. त्या तुळशीकडे दुसऱ्यांदा पाहताना तिला आपला विषय मिळेल, आणि काकांनाही बहुधा एक शेजारीण मिळेल.